सई, टीटीला निघण्याआधी हे वाच

प्रिय सई,

तू ग्रुपवर विचारलंस ना की बाबा आम्ही टीटीला, त्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल रेसला, चाललोय तर बसायचं कुठे, त्याला मी रिप्लाय टाइप करायला घेतला आणि तो एवढा लांबत गेला की म्हटलं राहू दे, पत्रच लिहितो. आई म्हणतेय ह्यांना नुसतं निमित्त हवं होतं. खरंय.

ग्रँडस्टँडचं तिकीट काढू नका. तिथे पिट स्टॉप दिसतात, सीनियर टीटीला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या रेसला, सहा लॅप आणि मध्ये दोनदा पेट्रोल भरणं, ते एकदा बघायला मस्त आहे पण रेस तिथे नसते गं. रेस अख्ख्या आइल ऑफ मॅनवर पसरलेली असते, एक लॅप 37.73 मैलांचा म्हणजे आपल्या पुण्याहून निघालं तर लोणावळा जवळ आलं समज, आणि तो काही ट्रॅक नाही, रोजचा रस्ता आहे, उद्या सकाळी त्यावरून बस जाणार. दगडी कुंपणं, लॅम्पपोस्ट, पब, लोकांच्या घरांची दारं, सगळं तिथल्या तिथे. टीटी 1907 ला सुरू झाली तेव्हा कोर्स छोटा होता, हा डोंगरावरून जाणारा 1911 पासूनचा.

दुसरं म्हणजे सगळे एकदम सुटत नाहीत. दर दहा सेकंदाला एक जण सोडतात आणि हिशोब घड्याळावर, त्यामुळे तुमच्या समोरून सगळ्यात आधी गेला तो पुढे आहे असं अजिबात नाही, मागून येणारा सातव्या नंबरचा पोरगा लीड करत असू शकतो आणि शेजारी रेडिओवाला काका नसेल तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून साधा खिशातला रेडिओ घ्या, फोनच्या भरवशावर राहू नका. बेटावरचे मॅन्क्स रेडिओवाले कोर्सवरच्या ग्लेन हेलनला कोण किती सेकंदांनी पुढे, रॅम्सीला किती, हे सांगत राहतात आणि मग तुमच्या वळणावर आवाज येतो. मी एवढ्या वर्षांत टीटी बघितली कमी आणि ऐकली जास्त.

1992 ची सीनियर तर पूर्ण ऐकलीच म्हणायला हवी. मी इंग्लंडला नवा होतो, पुण्यात रद्दीवाल्याकडे मिळणाऱ्या जुन्या इंग्लिश बाइक मासिकांमधून नॉर्टन ही गाडी, हेलवूड, अगोस्तिनी हे रायडर, ही नावं पाठ झालेली, आणि आता खरीखुरी नॉर्टन समोर. बॅलॉ ब्रिजजवळ उभा होतो, तिथे पुलावरून गाडीची दोन्ही चाकं हवेत जातात. स्टीव्ह हिस्लॉप त्या पांढऱ्या रोटरी इंजिनच्या नॉर्टनवर आणि कार्ल फोगार्टी यामाहावर. फोगार्टी आधी सुटलेला, हिस्लॉप बराच मागून, म्हणजे दोघं रस्त्यावर एकमेकांना दिसतही नव्हते आणि तरी भांडण सेकंदांचं. नॉर्टनचा आवाज बाकीच्यांपेक्षा एकदम वेगळा, जाड कापड टरकावल्यासारखा, लांबूनच कळायचं हा आला. शेवटच्या लॅपला फोगार्टीने ताशी 123.61 मैलांचा लॅप रेकॉर्ड टाकला, जो पुढे सात वर्षं टिकला, आणि तरी हरला! 4.4 सेकंदांनी. 226 मैलांनंतर 4.4 सेकंद. तेव्हा ग्रँडस्टँडसमोरच्या मोठ्या बोर्डावर स्काउटची पोरं हाताने आकडे रंगवायची, पण मी बोर्डापासून मैलोन्‌मैल लांब, आम्ही दहाबारा जण एका म्हाताऱ्याच्या ट्रान्झिस्टरभोवती डोकी घालून उभे. त्या नॉर्टन कंपनीची मालक 2020 पासून आपली टीव्हीएस आहे, हे तुझ्या मित्रांना जरूर सांग.

मग 2000. तू आईच्या पोटात होतीस आणि मी तरी गेलो, ते आई अजून ऐकवते. पण जोई डनलॉपचं वय 48 झालं होतं, लोक म्हणत होते आता मोठ्या गाडीवर त्याचं काही खरं नाही, आणि त्याने होंडावर मोठ्या बाइकची फॉर्म्युला वन रेस मारली, मग 250 सीसी, मग 125 सीसी, एका आठवड्यात तीन. टीटीचे एकूण 26 विजय. पिवळं हेल्मेट वळणावर दिसलं की ब्रिटिश लोक, जे एरवी बसमध्ये शेजाऱ्याशी बोलत नाहीत, ते ओरडायचे. हा माणूस नॉर्दर्न आयर्लंडमधल्या बॅलिमनीला पब चालवायचा आणि स्वतः व्हॅन हाकत रोमानिया-बोस्नियाला मुलांसाठी सामान पोचवायचा. महिन्याभरात, 2 जुलैला, एस्टोनियात टॅलिनला पावसातल्या रेसमध्ये जिवानिशी गेला. स्नेफेल डोंगरावर बंगलो नावाचा स्पॉट आहे तिथे त्याचा पुतळा आहे, गाडीवर बसलेला. तिथे नक्की जा.

आता तू मागे विचारलं होतंस ते. तुला हे बघवतं कसं? तेव्हा मी विषय बदलला होता. त्या कोर्सवर आजवर 250 च्या वर रायडर जिवानिशी गेलेत. 2022 ला एकाच टीटीत सहा जण, त्यात साइडकारवरचे बाप आणि मुलगा एकत्र. त्या वेळी रेडिओवर नुसतं इन्सिडेंट म्हणतात, नाव सांगत नाहीत, लाल झेंडा लागतो, हेलिकॉप्टर जातं आणि कुंपणावर बसलेले सगळे आपापल्या सँडविचकडे बघत बसतात. मग संध्याकाळी पबमध्ये कोणीतरी म्हणतंच की आवडीचं काम करता करता गेला. मला ह्या वाक्याचा भयंकर राग येतो. त्याच्या बायकोला विचारा म्हणावं. रायडरला माहीत असतं तो काय करतोय, ते मी मानतो, तो मोठा माणूस आहे, कोणी त्याला ढकलत नाही. पण मी तिकडे जातो ते माझ्या मजेसाठी, आणि त्या मजेची किंमत मी भरत नाही, दुसरा भरतो. हे मला कळतं आणि तरी मे संपत आला की मी फेरीबोटीचं टाइमटेबल उघडतो. याहून बरं काही मला सांगता येणार नाही.

जोईचा भाऊ रॉबर्ट 2008 ला नॉर्दर्न आयर्लंडमधल्या नॉर्थ वेस्ट 200 रेसच्या प्रॅक्टिसमध्ये गेला, आणि दोनच दिवसांनी त्याचा मुलगा मायकेल तिथेच 250 ची रेस जिंकला. 2018 ला मायकेलचा भाऊ विल्यमही एका रेसच्या प्रॅक्टिसमध्येच गेला. 2024 ला मायकेलने काकाचा 26 चा रेकॉर्ड मोडला. बापाच्या नजरेने बघितलं की मला हे घराणं झेपत नाही.

असो. पहिल्या दिवशी ब्रे हिलच्या खाली उभी राहा, वस्तीतला उतार, घरांच्या फाटकांसमोरून गाड्या खाली येतात, पहिली गाडी गेली की पाय आपोआप मागे जातील. दुसऱ्या दिवशी गूजनेकच्या वळणाला, तिथे वेग कमी असतो, रायडरचे गुडघे, मान, सगळं दिसतं आणि खाली समुद्र. पीटर हिक्मनने 2023 ला ताशी सरासरी 136.358 मैलांनी लॅप मारला तो 16 मिनिटं 36 सेकंदांचा होता, हे डोक्यात ठेवून मग ते वळण बघ. साइडकारची रेस चुकवू नकोस. बाई म्हणून तुला जेनी टिनमथ माहीत हवी, तिने 2010 ला ताशी सरासरी 119.945 मैलांनी लॅप मारला.

रस्ते एकदा बंद झाले की दिवसभर तिथेच, त्यामुळे दशम्या-चटणी घे. कडेच्या चर्चमध्ये बायका चहा-केक विकतात, तोही घे. डोंगरावर धुकं उतरलं की लोकल लोक म्हणतात मॅनाननने, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाने, झगा पसरला, मग हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि रेस थांबते, तासन्‌तास. चिडू नका, रेनकोट घाला.

आणि इंग्लंडमधल्या हेशमहून सुटणारी फेरीबोट आजच बघ. टीटीच्या दिवसांतल्या जागा फार आधी जातात, बाइकवाल्यांच्या तर त्याहून आधी.

बाबा