समन्स दारावर, गठ्ठा दप्तरात

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५(३) ने थकबाकीदार भाडेकरूला शेवटची संधी ठेवली आहे. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत त्याने थकलेले भाडे दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरले, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीपायी घर जात नाही. हे दिवस मोजले जातात ते बेलिफाच्या, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, शेऱ्यावरून. म्हणून त्या शेऱ्याबद्दल लिहितो आहोत.

बेलीफ येतो कचेरीच्या वेळेत. कामावर जाणारा माणूस तेव्हा घरी नसतो, हे सांगायला ज्योतिषी नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखा नसेल, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला समन्स देता येते. १९७६ च्या दुरुस्तीपासून ती स्त्री असली तरी चालते. नोकर मात्र कुटुंबात धरत नाहीत. तरी मोलकरणीच्या सहीची समन्से ‘बजावले’ म्हणून परत येतात.

दाराला कुलूप दिसले की नियम १७, म्हणजे समन्स दारावर डकवणे. खरे तर कसून शोध घेऊनही माणूस सापडला नाही, तरच चिकटवायचे. होते असे की एकाच फेरीत ‘घर बंद, दारावर डकवले’ असा शेरा पडतो. घर कोणी दाखवले, कोणासमोर डकवले, त्यांची नावे-पत्ते अहवालात लागतात. दाखवणारा बहुतेकदा घरमालकाचाच माणूस आणि पंच म्हणून सहीही त्याचीच. चाळीत कागद खोलीच्या दाराऐवजी जिन्याखाली लागतो. समन्ससोबत दाव्याची प्रत द्यायची असते, पण चाळीस पानांचा गठ्ठा खळीने दारावर टिकत नाही. वरचे पान डकवायचे, बाकीचे दप्तरात परत. संध्याकाळी ते पानही जागेवर नसते. अशा अहवालाला बेलिफाचे शपथपत्र नसेल, तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासलेच पाहिजे असे नियम १९ सांगतो. ही तपासणी आम्हांला फार कमी वेळा दिसते.

मग भाडेकरूच्या गैरहजेरीत एकतर्फा हुकूमनामा, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, घर खाली करून घेण्याचे ताबा वॉरंट. पुष्कळांना दाव्याची पहिली खबर वॉरंटच देते. आदेश ९, नियम १३ खाली ३० दिवसांत हुकूमनामा रद्द करून मागता येतो, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर मुदत हुकूमनामा कळल्यापासून धरतात. पण तो कधी कळला हे भाडेकरूनेच दाखवायचे, तेही सामान बाहेर निघत असताना.

प्रक्रियेचे नियम उच्च न्यायालय करते, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. बेलिफांची पदे, मोबाइल आणि छपाई यांचा पैसा मात्र शासनाचा. तेव्हा डकवण्याआधी तीन फेऱ्या होतील एवढी माणसे द्या. त्यांतली एक संध्याकाळी सातनंतर, एक सुट्टीच्या दिवशी. डकवलेल्या कागदाचा खोली क्रमांक दिसेल असा फोटो, वेळ आणि ठिकाणासह, अहवालाला जोडला जावा. पंच वादीकडचा नको. हे उच्च न्यायालयाकडे आपणच मांडा.

आणि भाडेथकबाकीच्या प्रत्येक समन्सवर मोठ्या अक्षरांत एक मराठी चिठ्ठी: ‘हा कागद मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेले भाडे व्याजासह कोर्टात भरता येते. घरमालक घेत नसला तरी कोर्टात भरता येते. पावती जपून ठेवा.’

आपले,
भाडेकरूंचे दावे चालवणारे काही वकील