तंगडीचा सांधा उघडून बघ

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू सहज सांगून गेलास, की काल केलेलं चिकन वरून छान तांबूस होतं, पण तंगडी मोडल्यावर हाडापाशी कच्चट लागलं आणि तरी तुम्ही दोघांनी खाल्लं. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. पोट बरं आहे ना? जोराचा ताप आला किंवा शौचातून रक्त पडलं, तर ओवा-बिवा खात बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तू लहानपणापासून ओट्याशी उभा राहून बघितलंस ते मटण. चिकन आपल्याकडे क्वचितच व्हायचं. घोटाळा तिथेच झालाय, कारण दोघांचं शिजणं उलटं आहे. बोकडाचं मटण आधी निर्धोक होतं आणि मऊ नंतर. अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण, करताना आपण हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर रटरटत ठेवतो. त्यातले जंतू बऱ्याच आधी मेलेले असतात, पुढचा सगळा वेळ जातो तो मांसातले चिवट पडदे विरघळायला. म्हणून तुकडा बोटांनी तुटला की मटण झालं, ही खूण तिथे पुरते. ब्रॉयलर कोंबडी मात्र कोवळी. तिचं वरचं मांस बघता बघता मऊ पडतं आणि आत सांध्यापाशी आच पोचलेलीच नसते. मटणाची खूण तू चिकनला लावलीस.

नुसत्या रंगावरही जाऊ नकोस. कोवळ्या हाडातला लालसर रंग कधी कधी पूर्ण शिजल्यावरही मांसात उतरतो. खरी खात्री स्वयंपाकाच्या थर्मामीटरची. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा आणि ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. तो मिळेपर्यंत तंगडीला हाडापर्यंत खोल चिरा दे, झाकण ठेवून मंद आचेवर शिजव आणि सांधा उघडून बघ. मांस तिथे ओलसर काचेसारखं चकाकत असेल, हाडाला धरून बसलं असेल, तर पुन्हा झाकण ठेव. आणि फ्रीझरमधलं तसंच कढईत टाकलं होतंस का? दगडासारखा तुकडा बाहेरून करपतो आणि आत गारच राहतो. आदल्या रात्री खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवत जा, ओट्यावर नाही.

कच्चं चिकन नळाखाली धूही नकोस. आजी तीन पाण्यांनी धुवायच्या, मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण धुऊन जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर बेसिनवर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. मटणात हाडाचा चुरा असतो, ते पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धू. सुरी, पाट आणि हात साबणानं धुतल्याशिवाय काकडी चिरायला घेऊ नकोस. खिमा केलास तर आतपर्यंत परतून घे, कारण तुकड्याच्या वर असलेले जंतू दळताना सगळीकडे मिसळतात.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. तू बालवाडीत असताना घरी जेवणावळ होती. उरलेला तांबडा रस्सा मी मोठ्या पातेल्यात, झाकून, रात्रभर ओट्यावर ठेवला आणि सकाळी घाईत नुसता कोमट करून वाढला. संध्याकाळपर्यंत घरातले चारजण पोट धरून बसले, त्यात आजी होत्या. दोन दिवस त्यांना उठता आलं नाही. रस्सा शिजला नव्हता असं नाही. काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहिलं की त्यातच ती वाढतात. आजींनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण ते माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून उरलेलं दोन तासांच्या आत लहान, पसरट डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेव. परत काढशील तेव्हा खदखदा उकळी येऊ दे.

गुरुवारी बाबा पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर कांदा-लसूण चटणी आणि थर्मामीटर पाठवते. पुढच्या रविवारी चिकन झालं की वाढून घेण्याआधी मला व्हिडिओ कॉल कर आणि सांधा उघडून दाखव.

तुझी,
आई