आवाहन : व्यसनातून परतलेल्या आपल्या माणसांसाठी बंद तालीम पुन्हा उघडायची आहे

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत, परदेशात असलेले गावकरी यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या कृष्णाकाठच्या गावातून दरवर्षी काही माणसं दारू सोडण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रात जातात. महिना-सव्वा महिना राहून परत येतात तेव्हा अंगावर थोडं मांस आलेलं असतं, डोळे स्वच्छ झालेले असतात, घरात कितीतरी दिवसांनी हसण्याबोलण्याचा आवाज येतो. मग ऊसबिल जमा होतं. किंवा कुणाच्या तरी हळदीचं बोलावणं येतं. कधी तर काहीच घडत नाही, नुसती एक रिकामी संध्याकाळ येते आणि तो माणूस पुन्हा गुत्त्याच्या वाटेवर दिसतो. गाव म्हणतं, ‘एवढा खर्च केला, पण सुधारला नाही.’

आमच्या मंडळाला हे म्हणणं मान्य नाही. केंद्रात त्याला पहाटे उठवणारं कुणीतरी होतं. वेळेवर जेवण, व्यायाम, काम होतं, रात्री ठरल्या वेळी दिवे मालवले जात होते आणि मनातलं बोलायला त्याच वाटेवरची माणसं शेजारी होती. गावात पाऊल ठेवल्या दिवशी यातलं सगळं एकदम संपलं. दारू सुटण्याचं काम केंद्रात होतं, पण ती सुटलेली राहील की नाही हे इथल्या रोजच्या दिवसावर ठरतं. तो दिवस नीट बांधून देणं हे गावाचं काम आहे. म्हणून मारुतीच्या देवळामागची, बरीच वर्षं कुलूप लागलेली तालीम पुन्हा सुरू करायची असं मंडळाने ठरवलं आहे. ग्रामपंचायतीने तसा ठराव करून जागा दिली आहे. बाकीचं आपण सगळ्यांनी मिळून उभं करायचं आहे.

तालीमच का, असं अनेकांनी विचारलं. एक तर ती गावाच्या मध्यात आहे आणि तिथे जाताना कुणाला कुणापासून तोंड लपवावं लागत नाही. ‘दारू सोडणाऱ्यांचं ऑफिस’ अशी पाटी लावली तर पहिल्याच आठवड्यात तिथे कुणी फिरकणार नाही. तालमीत जाणारा माणूस मात्र ताठ मानेने जातो. दुसरं म्हणजे तिथे हाताला काम आहे. कुस्तीच्या हौद्यातली माती रोज खणावी लागते, नाहीतर ती दगडासारखी होते. लाल माती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, फावड्याने खालची वर करायची, मग पायाने सारखी करायची. अर्धा तास हे केलं की घामाने अंग निथळतं. इथे कुणाला कुस्ती खेळायला लावायची नाही. माती खणणं, झेपतील तेवढे जोर-बैठका, सूर्यनमस्कार आणि नदीच्या घाटापर्यंत चालून येणं, एवढाच सकाळचा बेत आहे.

खरी कसोटी संध्याकाळी सहा ते साडेनऊची. वर्षानुवर्षं ज्या वेळेला शरीराला दारू मिळाली, त्या वेळेला शरीर ती मागतंच, मनाने कितीही शपथा घेतल्या असल्या तरी. तलफ लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ माणूस कुठे आहे, कुणाबरोबर आहे आणि त्याच्या पोटात काही आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मराठीतून सभा भरवणाऱ्या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेतली, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधली मंडळी चार गोष्टी सांभाळायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यातली एकही अंगावर आली की पाय घसरतो. आमच्याशी बोललेल्या जवळजवळ प्रत्येक मित्राने यातली भूक आधी सांगितली. शेतातून किंवा कारखान्यातून सुटल्यावर पोटात कावळे ओरडत असतात, जेवण व्हायला नऊ वाजतात आणि मधल्या वेळेत रस्त्यावर गुत्ता असतो. भूक लागली आहे की तलफ आली आहे हे नव्याने सोडलेल्या माणसाला ओळखता येत नाही. आधी खाऊन घेतलं की अनेकदा प्रश्न तिथेच मिटतो.

म्हणून तालमीत सहा वाजता मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी, शेंगदाणे-गूळ आणि ताक असेल. हे अन्न विचार करून ठरवलं आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याच्या पोटात ऊर्जा जाते, पण पोषण जात नाही. शिवाय दारूमुळे ब-1 जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. ते फार कमी झालं तर चालताना तोल जातो, गोंधळायला होतं, स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला त्याची इंजेक्शनं, गोळ्या देतात. त्या गोळ्यांची जागा उसळ घेऊ शकत नाही. पण गोळ्या संपल्यावर पुढची वर्षं डाळी, कडधान्यं, शेंगदाणे हेच कामाला येणार आहेत. सुरुवातीला गोड खावंसं फार वाटतं, तेव्हा गुळाचा खडा हाताशी असलेला बरा.

झोपेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरच्यांना याची कल्पना नसते. दारूने झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते. वर्षानुवर्षं अशी तुटकी झोप घेतलेल्या माणसाने दारू सोडली की पुढचे काही आठवडे, काहींना काही महिनेही, नीट झोप येत नाही. रात्री दोन वाजता तो अंगणात फेऱ्या मारताना दिसतो आणि बायको घाबरते, सासू म्हणते ‘पूर्वी पिऊन निदान झोपायचा तरी’. हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये अशी आमची हात जोडून विनंती आहे. झोप परत येते. त्यासाठी दुपारी चारनंतर चहा बंद, दिवसा लोळणं बंद, रोज एकाच वेळी उठणं आणि अंग दमेल इतकं काम, एवढं सांभाळावं लागतं. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. एक सवय सुटताना दुसरी लागायला वेळ लागत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणं, घाम येणं, उलट्या इथून सुरुवात होते, पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, नसलेली माणसं दिसायला लागतात आणि यात जीवही जाऊ शकतो. तालीम उपचारांच्या नंतरची आहे, उपचारांच्या ऐवजी नाही. येणाऱ्या प्रत्येकाने आधी डॉक्टरांना दाखवून यायचं आहे. ज्यांच्या यकृताला इजा झाली आहे त्यांना डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय जोर-बैठका नाहीत, फावडं नाही, फक्त चालणं. अशांनी उपास-तापासही डॉक्टरांना विचारूनच करावेत. आणि बाजारात ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ म्हणून ज्या पावडरी विकल्या जातात त्या कुणीही जेवणात कालवू नयेत. दारूबरोबर घेतल्यास जिवावर बेतेल असं औषध त्यात असू शकतं. डॉक्टर असं औषध देतात तेव्हा रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊन देतात.

मित्रहो, यात नवं असं आम्ही काही शोधून काढलेलं नाही. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि माणसाला माणसांत ठेवूनच त्यातून बाहेर काढता येतं, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याआधी गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होते. कीर्तनातून ते दारू सोडायला सांगत आणि लोकांना बरोबर घेऊन गाव झाडत. उपदेशाबरोबर हाताला काम देण्याची ती रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

आता काय हवं ते सांगतो.

तालमीच्या छपराचे पत्रे गंजले आहेत, पावसात पाणी थेट हौद्यात येतं. पत्रे, दोन लाकडी तुळया, विजेची नवी जोडणी, एक न्हाणीघर आणि संडास असं धरून 2 लाख 40 हजार रुपयांचा अंदाज निघाला आहे. गवंडी आणि सुतार मंडळींनी मजुरी निम्म्याने घ्यायचं कबूल केलं आहे, ते या हिशेबात धरलं आहे. लाल मातीच्या दोन ट्रॉल्या, हळद, तेल आणि लिंबं वस्तुरूपाने दिलीत तर उत्तमच. शेतकऱ्यांनी सुगीनंतर मटकी, मूग, शेंगा, ज्वारी, गूळ यातलं जे जमेल ते द्यावं. ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांनी आठवड्यातून एक दिवस ताकाची एक कळशी पाठवली तरी चालेल. संध्याकाळचं खाणं महिला बचत गटाच्या बायका करणार आहेत आणि त्यांना त्याचे पैसे दिले जातील. या घरांतल्या बायकांनी आजवर पुष्कळ फुकट सोसलं आहे, आता त्यांच्याकडून फुकट राबवून घ्यायचं नाही.

पैशांपेक्षा अवघड मागणी वेळेची आहे. संध्याकाळी सहा ते साडेनऊ रोज किमान दोन माणसं तालमीत हजर हवीत, जी स्वतः पीत नाहीत आणि उपदेश करत नाहीत. निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातले वारकरी, कॉलेजची पोरं, कुणीही चालेल. बसायचं, चहाऐवजी ताक द्यायचं, कॅरम खेळायचा, भजनाला टाळ धरायचे, ऐकायचं. पहिल्या दिवसांत काहींचे हात अजून थरथरत असतात, तेव्हा पेला अर्धाच भरायचा आणि तिकडे बघत राहायचं नाही. एवढं ज्याला कळतं तो माणूस आम्हाला हवा आहे. आठवड्यातला एकच दिवस दिलात तरी पुरे.

मावा, गुटखा, तंबाखू तालमीच्या उंबऱ्याच्या आत चालणार नाही, मग तो सरपंच असो की पैलवान. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. दारू सोडून मावा धरला तर आपण माणसाला फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पाठवलं असं होईल.

आणखी एक मदत आहे, तिला पैसा लागत नाही. लग्नात, जत्रेत, निवडणुकीच्या जेवणावळीत आग्रह करू नका. ‘एकाने काय होतंय’ म्हणणाऱ्या माणसाला पुढचं काही निस्तरावं लागत नाही, निस्तरतात घरातली पोरं. कुणाची घसरण झाली तर चारचौघांत त्याला टाकून बोलू नका. मंडळाला कळवा. घसरण हा आजाराचा भाग आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालमीत यायला हवा आणि त्याला यावंसं वाटायला हवं. मजुरी देणाऱ्या बागायतदारांनी पैसे शक्यतो थेट घरच्या खात्यावर जमा करावेत, तेही त्या माणसाशी बोलून, त्याच्या संमतीने.

तालमीच्या भिंतीवर खाशाबा जाधवांचा जुना फोटो अजून आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या या माणसाने 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. आपल्या भागात वर्गणीतून काय उभं राहू शकतं हे आम्ही वेगळं सांगायला नको.

रोख देणगी फक्त मंडळाच्या कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. कार्यालय ग्रामपंचायतीच्या शेजारी आहे आणि सकाळी नऊ ते अकरा उघडं असतं. बाहेरगावच्या मंडळींनी बँक खात्याचा तपशील तिथूनच घ्यावा, मोबाईलवर फिरणाऱ्या कुठल्याही क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळाच्या फळ्यावर लावला जाईल. तालमीत येणाऱ्यांची नावं मात्र कुठेही लावली जाणार नाहीत, देणगीदाराने विचारली तरी सांगितली जाणार नाहीत.

ज्यांना आज, आत्ता बोलायचं आहे त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 हे मोफत क्रमांक आहेत. 

येत्या रविवारी सकाळी सात वाजता तालमीची साफसफाई आहे. फावडं, घमेलं, खराटा यातलं जे घरी असेल ते घेऊन या. तालीम 2 ऑक्टोबरला उघडायची आहे आणि त्याआधी छपराचं काम पुरं व्हायला हवं.

आपले,
तालीम मंडळाचे सर्व कार्यकर्ते