बाबा, महाडच्या गाडीचा रस्ता लिहून पाठवा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, एक काम आहे तुमच्याकडे म्हणून फोन न करता लिहितेय. तुम्ही एवढी वर्षं एसटीत असताना वाईहून महाडची गाडी नेलीत, तो अख्खा रस्ता मला वहीच्या कागदावर लिहून हवाय. पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग खाली कुंभरोशी, आंबेनळी, पोलादपूर, महाड. आणि नुसते थांबे नकोत, कुठे पहिला गिअर टाकावा लागायचा, कुठे धुक्यात वायपर चालवून पण काही दिसायचं नाही, कुठल्या वळणानंतर कानाला दडे बसायचे, जे जे आठवतंय ते सगळं. का ते सांगते.

आई, तू मागच्या वेळी फोनवर म्हणालीस ना की एवढा मोठा ग्लोब कशाला आणलास, घरात पाय ठेवायला जागा नाही. खरंय, कांदिवलीच्या घरात तो टीव्हीच्या शेजारीच ठेवावा लागलाय. पण ओवीचं भूगोलाचं पुस्तक बघून मला राहवेना, नुसत्या राजधान्या आणि रिकाम्या जागा भरा. पोरगी घडाघडा म्हणते पण बोट ठेव म्हटलं की बोट हवेत. मला असं वाटतं की नाव सगळ्यात शेवटी यावं, आधी ती जागा हाताला कळली पाहिजे, तिथे जायचं कसं, तिथे काय पिकतं, आपल्यापासून कुठल्या दिशेला आहे. म्हणून घरातच खेळ सुरू केलेत.

सुरुवात लोकलपासून केली. ओवीला चर्चगेट ते विरार सगळी स्टेशनं पाठ आहेत, शौनकला पण निम्मी येतात. मग विचारलं की चर्चगेटला जाताना समुद्र कुठल्या हाताला? दोघं विचारात पडली. मग पुढच्या वेळी खिडकीत बसवून नेलं, चर्नी रोड सोडल्यावर उजव्या हाताला समुद्र दिसला आणि तिथेच पश्चिम पक्की झाली, आता कुठल्याही नकाशावर आधी समुद्र शोधतात आणि मग बाकीचं.

घरात हवा भरायचा एक पृथ्वीचा बॉल पण आहे. तो एकमेकांकडे फेकायचा आणि झेलल्यावर उजवा अंगठा कुठे पडला ते ओरडून सांगायचं, पाणी की जमीन. शौनक जमिनीवर पैज लावतो आणि हरतो, कारण पृथ्वीचा साधारण ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे, म्हणजे दहा झेलांत सातेक वेळा पाणीच यायचं. हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच भिंतीवर खडूने रेघोट्या मारून शोधून काढलं (भिंतीचं बोलू नका आत्ता).

भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड केवढं अवाढव्य दिसतं, आठवतंय? ओवीने ट्रेसिंग पेपर ग्लोबवर धरून ग्रीनलंड गिरवलं आणि सरकवत भारतावर आणलं तर भारतच मोठा निघाला, आपण साधारण ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ते साधारण २२. मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ मध्ये जहाजवाल्यांसाठी तो नकाशा केला, त्यात होकायंत्राची दिशा सरळ रेघेत मिळते पण ध्रुवांकडचं सगळं ताणलं जातं. तसाच ग्लोबवर दोरा ताणून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को बघितलं तर तो पार उत्तर ध्रुवाजवळून गेला, ओवी मला म्हणे "आई, हे चुकीचं आहे," मग दुसऱ्या सगळ्या बाजूंनी दोरा लावून बघितला, प्रत्येक वेळी लांबच पडला.

आई, तुझा पण यात मोठा वाटा आहे. एकादशीला तुझ्या पद्धतीने साबुदाण्याची खिचडी केली होती तेव्हा खेळ काढला, ताटातली एकेक वस्तू मुळात कुठली ते शोधायचं आणि ग्लोबवर तिथे टिकली लावायची, तू पाठवलेल्या पाकिटातल्याच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरूकडच्या अँडीज डोंगरातला, शेंगदाणे पण दक्षिण अमेरिकेतलेच, मिरची मेक्सिकोकडची. फक्त जिरं भूमध्य समुद्राच्या बाजूचं आणि तूप आपलं. म्हणजे ५०० वर्षांपूर्वी आपल्याकडे ही खिचडी करताच आली नसती, हे सगळं जहाजांतून आलं, पोर्तुगीज वगैरे मंडळींबरोबर. शौनक लगेच म्हणाला मग तेव्हा आजी उपवासाला काय खायची. तुलाच विचारायचं ठरलंय. वरी खायचे का, राजगिरा का, तुझ्या आजीच्या घरी काय होतं ते सांग, कारण राजगिऱ्याची पण भानगड आहे, तोही अमेरिकेतलाच निघतो.

प्रवासात गावांच्या भेंड्या असतातच. सगळं येऊन 'र'वर अडकतं, नागपूर सोलापूर कोल्हापूर, म्हणून नियम केलाय की गाव नकाशात दाखवता आलं तरच धरायचं.

आता बाबा, तुमचं काम. ग्लोबवर वाई नाहीच. तीस सेंटिमीटरचा ग्लोब म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये सव्वाचारशे किलोमीटर, एव्हरेस्ट पण त्यावर जेमतेम ०.२ मिलिमीटर उंच होईल, तिथे आपली कृष्णा कुठून दिसणार. म्हणून गणपतीतली शाडूची माती उरली होती ती परातीत घेतली आणि सह्याद्री केला, डाव्या काठाजवळ उभा कडा, उजवीकडे लांबच लांब उतार. पेन्सिलीने नद्यांच्या चरी पाडल्या आणि माथ्यावर चमच्याने पाणी सोडलं. डावीकडचं धपकन खाली गेलं, उजवीकडचं हळूहळू वळणं घेत परातीच्या त्या टोकाला. महाबळेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर आहे पण तिथे उगम पावलेली कृष्णा त्याच्याकडे पाठ करून १४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच महाबळेश्वरातली सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्रात. दोघंही बराच वेळ परातीपुढून हललेच नाहीत.

मग ओवीने विचारलं, पाऊस पडला की नेमकं कुठून पाणी इकडे आणि कुठून तिकडे? मी नकाशा काढला पण मला दाखवता येईना, कारण कोयनेचं खोरं पण तिथेच मध्ये येतं. ते तुम्हालाच माहीत असणार, पावसाळ्यात तुम्ही त्या रस्त्याने गाडी नेलीये, रस्त्यावरून वाहणारं पाणी कुठल्या बाजूला वळायचं ते तुम्ही रोज बघितलंय. तेवढं एक वळण मला हवंय. मुलं तुमच्या कागदावरून मातीत रस्ता काढणार आहेत, आजोबांची गाडी म्हणून काडेपेटी रंगवून तयार आहे.

आणि मे महिन्याचं आत्ताच ठरवून टाकू. ११ मेच्या आसपास वाईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमाराला उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. मुंबई थोडी उत्तरेला म्हणून इथे तेच १६ मेच्या आसपास, बारा पस्तीसला. बारालाच का नाही, तर आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि मुंबई ७३च्या जवळ, दर अंशाला चार मिनिटं. पूर्वी मुंबईची वेळ वेगळीच होती, ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत इथे चालू होती म्हणे! तर सुट्टीत आम्ही वाईला येतो, अंगणात बाटली उभी करून बघू, आणि मग तुम्ही दोघं आमच्याबरोबर इकडे चला, इथल्या गच्चीवर परत बघू. बाबा, गुडघ्याचं कारण सांगू नका, बिल्डिंगला लिफ्ट आहे. आई, तुझी बीपीची गोळी संपत आली असेल तर आधी कळव, मी इथून पाठवते.

कागद पोस्टाने पाठवला तरी चालेल, फोटो काढून पाठवलात तर त्याच दिवशी कामाला लागतील.

तुमची,
मनी