उत्क्रांतीचा धडा आणि ख्रिस्ती शिक्षिका

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला चर्च आणि विज्ञान यांच्या वैराबद्दलचा लेख वाचला. गॅलिलिओबद्दल लेखकाने लिहिलं आहे ते खरंच आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर १६१६ मध्ये बंदी आली, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली, आणि त्याच्यावर अन्याय झाला हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य करेपर्यंत १९९२ साल उजाडलं. आम्हा कॅथलिकांना याची लाज वाटायलाच हवी आणि मला ती वाटते. पण पुढे लेखक म्हणतात की ज्याची बायबलवर श्रद्धा आहे तो विज्ञान प्रामाणिकपणे शिकवूच शकत नाही. हे वाक्य मला फार लागलं, कारण याच समजुतीपायी माझ्याकडून एक धडा काढून घेतला गेला होता.

मी वसईची. सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. एका वर्षी शाळा सुरू होते न होते तोच एका पालकांची तक्रार आली : बाई ख्रिश्चन आहेत, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातात, त्या डार्विन काय शिकवणार? मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. ‘मॅडम, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पण बोर्डाचं वर्ष आहे, उगाच वाद नको,’ असं म्हणून त्यांनी तो धडा गणिताच्या सरांकडे दिला. सरांनी गाईडमधली प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली आणि धडा संपवला.

माझी मुलं या धड्याला काय करत, ते सांगते. मी त्यांना कण्याचं अगदी खालचं टोक बोटाने चाचपायला सांगायचे. आधी वर्गात खसखस पिकायची, मग माकडहाड हाताला लागलं की एकेक जण गप्प व्हायचा. मग अक्कलदाढ, आंत्रपुच्छ अशा पूर्वजांच्या आणखी खुणा, आणि शेवटी आर्किऑप्टेरिक्स या नामशेष प्राण्याचं मी कार्डशीटवर काढलेलं मोठं चित्र : पंख पक्ष्याचे, दात आणि लांब शेपूट सरपटणाऱ्या प्राण्याची. त्या वर्षी ते चित्र कपाटावरच राहिलं. जगाच्या निर्मितीची कथा सांगणारं बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक मी लहानपणापासून वाचते आणि वर्गात उत्क्रांती शिकवताना माझा आवाज कधी अडखळला नाही. देवाने हे जग निर्माण केलं अशी माझी श्रद्धा आहे. ते कसं घडत गेलं हे मी जीवाश्मांना विचारते. उत्क्रांती ही निव्वळ कल्पना नव्हे, त्याहून अधिक काही आहे, हे पोप जॉन पॉल यांनीही १९९६ मध्ये सांगितलं होतं.

आणि नववीचा मेंडेल मात्र माझ्याकडेच राहिला! ग्रेगोर मेंडेल हा ब्रनोच्या मठातला ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाचा संन्यासी. मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवून त्याने आनुवंशिकतेचे नियम शोधले, १८६५ मध्ये ते मांडले आणि पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला. ज्या धड्यावरून माझ्याविषयी शंका घेतली गेली, त्यातली निम्मी आनुवंशिकता या मठवासीयाच्या कामावर उभी आहे. लेखात त्याचं नावही नाही.

जॉर्ज लेमेत्र यांचं नाव आहे, पण ‘एक बेल्जियन शास्त्रज्ञ’ एवढंच. ते कॅथलिक धर्मगुरू होते, हे का गाळलं? विश्व प्रसरण पावतं हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडलं. १९३१ मध्ये त्यांनी विश्वाची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली ही कल्पना पुढे आणली आणि त्यातूनच पुढे महास्फोटाचा सिद्धान्त आकाराला आला.

लेमेत्र यांच्याबद्दल मला आमच्या लोकांनाही सांगायचं आहे. ‘विज्ञानाने बायबल सिद्ध केलं’ असे संदेश आमच्या चर्चच्या ग्रुपवर रोज फिरतात. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या या आरंभाचा संबंध ‘प्रकाश होवो’ या बायबलमधल्या वचनाशी जोडला, तेव्हा लेमेत्र यांना ते मुळीच रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही, तो गणिताने आणि निरीक्षणाने तपासावा, ही त्यांची ठाम भूमिका होती. रोज मिस्सा अर्पण करणारा माणूस हे म्हणतो! लेखक ज्याला ढोंग समजतात तो हा प्रामाणिकपणा आहे.

इतकं लांब जायचीही गरज नव्हती. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात हिंडून झाडाझुडपांची नोंद करत होते. ते काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. झेवियर्समधलं ब्लाटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतं. तेही जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका फादरांच्याच नावाचं आहे. आणि व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक म्हणून २०२५ मध्ये नेमले गेलेले फादर रिचर्ड डिसूझा हे गोवा प्रांताचे जेझुइट आहेत, दीर्घिकांचे अभ्यासक. पुरवणीला गोव्यातल्या माणसाची ही बातमी कधी दिसली नाही?

आणखी एक. गेल्या गुड फ्रायडेला तुमच्या पहिल्या पानावर ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी एका नेत्याची जाहिरात होती. तो येशूच्या मरणाचा दिवस आहे. आमच्या घरात त्या दिवशी उपवास असतो, चर्चमध्ये घंटासुद्धा वाजत नाही. जाहिरात घेताना कोणीतरी एवढं बघायला हवं होतं. शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात.

लेखातलं ते वाक्य मागे घ्यावं, ही माझी मागणी आहे. आणि मेंडेल व लेमेत्र यांच्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा. लिहायला कोणी मिळालं नाही, तर मी लिहून देईन.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, वसई