रामटेकला चालायची वाट द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी ती आपल्यापर्यंत पोचेल. रामटेकला अंबाळा तलावापासून गडावर आणि गडावरून खिंडसी तलावापर्यंत, खुणा केलेली आणि गाड्यांना बंदी असलेली एक पायवाट करून द्या. काचेचा पूल नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको.

यंदा मी आणि माझे यजमान नैनितालला जाऊन आलो. आम्ही दोघंही निवृत्त आहोत, पण चालायची हौस अजून आहे. नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे निघाला की इथला माणूस डोंगर शोधतो, तसे आम्हीही काठगोदामला उतरलो आणि घाट चढून तळ्याकाठी पोचलो.

तिथे सगळ्यात जास्त रमलो ते ठंडी सडकेवर. तळ्याच्या एका काठाला मॉल रोड, दुकानं, हॉटेलं, हॉर्न. समोरच्या काठाला झाडांच्या सावलीत तल्लीतालहून मल्लीतालला जाणारी ही वाट. तिच्यावर गाडी नाही. मधेच पाषाणदेवीचं देऊळ, खाली पाणी, आणि दोन माणसांना बोलत बोलत चालता येईल एवढी रुंदी. तळं तेच, पण तीन-चारशे मीटर पलीकडे गेलं की गाव वेगळंच वाटतं! एका सकाळी नैना पीक चढलो, २,६१५ मीटर. बांज आणि देवदारांच्या रानातून दम खात, थांबत. वर हवा स्वच्छ होती म्हणून नंदादेवी दिसली. यजमान कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

मंत्रिमहोदय, हिमालय नागपूरला आणता येणार नाही, हे मला कळतं. पण डोंगर, तळं, देऊळ आणि त्यांना जोडणारी वाट यांतलं शेवटचं सोडून बाकी सगळं रामटेकला आहेच. अंबाळ्याच्या काठावरची देवळं आणि तिथून गडावर चढणाऱ्या जुन्या पायऱ्या आहेत. गडावर वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली नरसिंहाची मंदिरं आणि वराहाची प्रचंड मूर्ती आहे. कालिदासाचं स्मारक आहे. एका बाजूला नजर टाकली की खिंडसीचं पाणी. नागपूरहून पन्नास किलोमीटरच्या आत हे सगळं आहे, इतवारीहून रेल्वेही जाते. तरी आपण काय करतो? गाडीने वर जायचं, दर्शन घ्यायचं, माकडांपासून पिशवी सांभाळायची, गाडीने खाली यायचं आणि खिंडसीला बोटीत बसून घरी परतायचं. अर्ध्या दिवसात रामटेक ‘झालं’. मुक्काम कोणी करत नाही, आणि मुक्काम नाही तर गावातल्या खानावळीला, लॉजला, चहावाल्याला काय मिळणार?

वाट सुरक्षित असेल तर माणूस सकाळी चालेल, दुपारी गावात जेवेल, संध्याकाळी तळ्याकाठी बसेल. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. वळणावळणावर अंतर सांगणाऱ्या मराठी पाट्या, प्यायचं पाणी, बसायला दगडी कट्टे. आणि बायकांसाठी कुलूप नसलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या वयाच्या कितीतरी बायका केवळ या एका धास्तीने चालायला निघत नाहीत.

पण एक विनंती कळकळीची. डोंगर कापून वाट रुंद करू नका. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालला पावसात कडा कोसळला आणि १५१ माणसं गेली. आज मुलं खेळतात ते फ्लॅट्सचं मैदान त्या ढिगाऱ्यानेच वाढलेलं आहे. त्यानंतर तिथे डोंगरउतारावर पाणी वाहून न्यायला नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. रामटेकचा डोंगर हिमालयासारखा ठिसूळ नसेल, तरी पावसाचं पाणी कुठून उतरतं हे आधी बघा, पाट्या नंतर लावा. सिमेंट जितकं कमी तितकं बरं.

आपल्यालाच लिहिण्याचं कारण असं की डोंगर, देवळं, तलाव आणि गाव यांच्या फायली वेगवेगळ्या खात्यांत फिरतात. वन, पुरातत्त्व, पाटबंधारे आणि नगरपरिषद यांना एका टेबलाशी बसवणं सामान्य नागरिकाच्या हातात नाही, आपल्या आहे.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. एक सकाळ या कामाला द्या. या चारही खात्यांचे अधिकारी सोबत घ्या, गाड्या अंबाळ्यालाच थांबवा आणि गडापर्यंत पायी चला. थंडीत चढण जड जात नाही. वाट कुठे तुटते, कुठे काटेरी झुडपं आडवी येतात, हे नकाशापेक्षा तिथे लवकर कळेल. आम्ही दोघं सोबत यायला तयार आहोत.

आपली,
एक नागपूरकर