पानातलं पहिलं मीठ

महोदय,

पान मांडताना सगळ्यात आधी चिमूटभर मीठ वाढायचं, ही आपल्याकडची रीत. गेल्या वर्षी रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी नेमकी तीच चिमूट बंद करायला सांगितली. पहिले आठ-दहा दिवस आमटी अगदी पाणचट लागली. सवयीने हात मिठाच्या वाटीकडे जायचा आणि बायको ती वाटी बाजूला सारून लिंबाची फोड पुढे करायची. लिंबू, आमसूल, जिरेपूड, ओलं खोबरं यांवर तीनेक आठवडे काढले आणि जीभ वळली. आता लग्नाच्या पंगतीतली भाजी मला खारट लागते!

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, फरसाण, वेफर सगळं आलं. पापडात तर मिठाखेरीज पापडखारातलंही सोडियम, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक, असतं. ‘आम्ही सैंधवच खातो’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. पण सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठातलाच पदार्थ.

खरी अडचण पाकिटांची. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सोडियम लिहिलेलं असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. दुकानात चष्मा शोधत हा हिशेब कोण करणार? मिठाचा आकडा पाकिटाच्या दर्शनी बाजूला, ठळक मराठीत छापायला लावावा.

– एक वाचक, डोंबिवली